पोराला रान द्या, पण पट्टीसकट

पत्र : ताई, नमस्कार. मी मंगळवेढा तालुक्यातला शेतकरी, वय बावन्न. सात एकर रान आहे. चार एकर काळं कोरडवाहू, त्यात ज्वारी. तीन एकर विहिरीवर, त्यात थोडा ऊस, थोडा कांदा, जनावरांना मका. मुलगा तेवीस वर्षांचा, बी.कॉम. झालाय. चाकणला कंपनीत कंत्राटावर होता, ते काम सुटलं आणि घरी आला. आता म्हणतो दोन एकर डाळिंब लावू, नाहीतर दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस करू. मागच्या महिन्यात सोलापुरात एका खासगी संस्थेच्या सेमिनारला गेला होता. तिथं सांगितलं की ४५ दिवसांचा सरकारमान्य कोर्स आहे, तो केला की २० लाखांचं कर्ज मिळतं आणि निम्मं माफ होतं. फी ३५ हजार. पाच हजार भरून आलाय, बाकीचे या ऑगस्टअखेर भरायचेत. मला पटत नाही. मी म्हणतो, चार वर्षं माझ्याबरोबर रानात राब, बघून बघून शीक. तो म्हणतो, तुमच्या पद्धतीनं काही उरत नाही. परवा कांद्याची पट्टी, म्हणजे आडत्याकडची विक्रीची हिशेबपावती, बघायला मागितली, मी म्हटलं तुला काय करायचंय त्याचं. तेव्हापासून बोलणं बंद आहे. धाकटी मुलगी बारावी सायन्सला, घरच्या आठ शेळ्यांचं सगळं तीच बघते, तिचा काही त्रास नाही. मुलाच्या लग्नाचंही बघायचंय, पण शेती म्हटली की पाहुणे दुसऱ्यांदा फोन उचलत नाहीत. त्याला कुठं शिकायला घालू? का परत पुण्याला पाठवू?
— एक बाप, मंगळवेढा तालुका

उत्तर :

दादा, नमस्कार.

उरलेले तीस हजार भरू नका. महिनाअखेर जवळ आलीय म्हणून हे आधी सांगते, बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

सेमिनारमध्ये मुलाला जे सांगितलं, त्याचं मूळ एका खऱ्या योजनेत आहे. केंद्र सरकारची कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र ही योजना २००२ पासून चालू आहे. प्रशिक्षणाचं काम हैदराबादच्या मॅनेज या संस्थेकडे, अनुदानाचं नाबार्डकडे. प्रशिक्षण ४५ दिवसांचं आणि निवासी, आणि त्याची फी शिकणाऱ्याकडून घेत नाहीत. एकट्याच्या प्रकल्पाला २० लाखांपर्यंतचा खर्च धरतात. अनुदान ३६ टक्के, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के. ‘निम्मं माफ’ असं त्यात कुठंच नाही. मुख्य गोष्ट म्हणजे ही योजना कृषी आणि संलग्न शाखांचे पदवीधर-पदविकाधारक यांच्यासाठी आहे. बी.कॉम. त्यात बसत नाही. म्हणजे तुमच्या मुलाला विकला जाणारा कोर्स एकतर तो नाही, किंवा असलाच तर त्याच्या पुढचं कर्ज-अनुदान त्याला लागू होत नाही. दोन्हीकडून ३५ हजार पाण्यातच.

भरलेल्या पाच हजारांसाठी मुलाच्या सहीनं लेखी अर्ज द्या, पावतीची झेरॉक्स जोडा आणि योजनेचं नाव नि मान्यतेचा क्रमांक लेखी मागा. फोनवर भांडू नका. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथं तक्रार नोंदवा. आणि घरात ‘बघ, फसलास की नाही’ असं म्हणू नका. तो शिकायलाच गेला होता.

अनुदानाबद्दल अजून एक, कारण तिथंच तरुण पोरांची गल्लत होते. कर्जाला जोडलेलं अनुदान हातात आधी येत नाही. बँक कर्ज मंजूर करते, युनिट उभं राहतं, तपासणी होते, मग रक्कम येते. ती आली तरी पुष्कळ योजनांत काही वर्षं कर्जखात्याला बांधून ठेवलेली असते. हप्ता मात्र पहिल्या वर्षीपासून धंद्यातूनच जायला हवा. ज्या धंद्याचं गणित अनुदान वगळून बसत नाही, त्यात अनुदान धरून पडू नये. मुलगा कॉमर्सचा आहे, त्याला हे दोन मिनिटांत कळेल. सेमिनारमध्ये कुणी हा हिशेब मांडून दाखवला नसावा.

आता तुमच्याकडे येते. रागावू नका.

तुम्ही लिहिलंय, चार वर्षं बघून बघून शीक. आणि त्याच पत्रात लिहिलंय, पट्टी मागितली तेव्हा तुला काय करायचंय म्हणालात. मग त्यानं बघायचं काय? पाळी कशी घालायची, दारं कशी धरायची, हे त्याला लहानपणापासून येतं. शेतीतलं अवघड काम ते नाही. कांदा काढल्या काढल्या विकायचा की चाळीत टाकायचा, सोसायटीचं कर्ज कधी फिरवायचं, उसाला पाणी कमी पडतंय तर मक्याचं तोडायचं का, खताच्या दुकानदाराची उधारी कोणत्या महिन्यात चुकवायची, हे सगळे निर्णय तुम्ही एकटे घेता आणि डोक्यातच ठेवता. पोरगं अशा घरात बिनपगारी सालगडी होतं. सालगड्याला निदान साल ठरलेलं असतं.

आपल्या जिल्ह्यात हे घरोघरी आहे. चाळिशीचा मुलगा झाला तरी बाजार समितीतल्या आडत्याकडे बापाचंच नाव, आणि बाप अंथरुणाला खिळला की एका रात्रीत सगळा कारभार त्याच्या डोक्यावर. तुम्हाला तुमच्या वडिलांनी असंच शिकवलं असेल. तुम्ही त्यातून तरलात, कारण तेव्हा बियाणं घरचं होतं आणि खर्च बेताचा. आज एका चुकलेल्या निर्णयाची किंमत फार मोठी आहे. म्हणून छोट्या जागेवर, छोट्या चुका, तुमच्या डोळ्यांदेखत होऊ द्या.

विहिरीवरच्या तीन एकरांतलं एक एकर त्याच्याकडे द्या. सातबारा बदलायची गरज नाही, वाटणीचा विषयही काढू नका. पण त्या एकराचं पीक तो ठरवेल, त्याचं बँक खातं वेगळं असेल, आडत्याकडची पट्टी त्याच्या नावावर फाटेल. बियाण्या-खताला सुरुवातीचे पैसे तुम्ही द्या, ते उसने म्हणून वहीत लिहा. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या आत्ताच ठरवून घ्या, नाहीतर उन्हाळ्यात बापलेकाचं भांडण मोटारीच्या स्टार्टरवरून होणार. आणि एक पथ्य तुमच्यासाठी : तो चुकतोय असं दिसलं तर एकदा सांगा. दुसऱ्यांदा सांगू नका.

त्या एकरात काय घ्यावं हे मी ठरवणार नाही, पण तीन-चार महिन्यांत हातात येणारं काही असावं, म्हणजे वर्षात दोनदा तरी पेरणी ते विक्री असा फेरा पुरा होईल. तुमच्या घरात कांदा आहेच. रांगडा कांदा सप्टेंबर-ऑक्टोबरात लागतो, जानेवारीपासून निघतो, आणि त्या दिवसांत सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची जी रांग लागते ती त्यानं स्वतःचा माल घेऊन बघावी. पहाटेच्या लिलावात आपल्या ढिगासमोर उभं राहून जे कळतं ते कुठल्या वर्गात कळायचं नाही. पट्टीवरची एकेक ओळ वाचायला लावा : वजन, हमाली, तोलाई, वराई, उचल. फळं-भाजीपाला आणि कांद्या-बटाट्याची आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, २०१६ पासून शेतकऱ्याकडून नाही, खरेदीदाराकडून घ्यायची आहे. तुमच्या जुन्या पट्ट्यांत ती कुठल्या वेगळ्या नावानं कापली गेलीय का, हे बी.कॉम. झालेल्या पोराला शोधू द्या. परवा त्यानं मागितलेली तीच पट्टी आज संध्याकाळी त्याच्या हातात द्या. बोलणं तिथूनच सुरू होईल, वेगळी माफी बिफी मागायची गरज नाही.

डाळिंबाचा प्रश्न मोठा आहे, त्यावर जरा थांबते.

सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आपल्याच केगावला आहे, सांगोल्यातल्या बंगल्यांवर डाळिंबाचे पुतळे बसवलेले तुमच्या मुलानं पाहिले असतील. त्याला मोह होणं साहजिक आहे. पण ते डाळिंब वाढलं कशात? सांगोल्याच्या हलक्या, मुरमाड, पाण्याचा निचरा होणाऱ्या रानात. तुमच्याकडची जमीन बहुतेक खोल काळी. जे गुण ज्वारीला तारतात तेच डाळिंबाला मारतात. काळ्या रानात ओल धरून राहते, मुळांशी हवा खेळत नाही, आणि मर रोगाला जागा मिळते. दुसरं, डाळिंबाला बहार धरायचा, म्हणजे ठरलेल्या हंगामात एकदम फुलं-फळं आणायची, तर आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. हलक्या रानात तो महिन्या-दीड महिन्यात बसतो. भारी रानात परतीचा पाऊस पडला की ताण बसतच नाही, मग फुलं एकसारखी निघत नाहीत. काळ्या रानात डाळिंब अजिबात होत नाही असं नाही; उंच गादीवाफे आणि निचऱ्याचे चर काढून लोक करतात. पण ते शिकाऊ माणसानं करायचं काम नाही.

पंधरा बाय दहा फुटांवर एकरी २९० झाडं बसतात, दोन एकरांत पावणेसहाशे. पहिला बहार धरायला दोन-अडीच वर्षं. तोवर ठिबक, रोपं, खड्डे, शेणखत, औषधं, सगळा खर्चच. तुमच्या तीन बागायती एकरांतले दोन एवढी वर्षं काही देणार नाहीत, मग घर कशावर चालणार? गेल्या काही वर्षांत सांगोला-आटपाडीकडं तेल्या, मर आणि खोडाला बारीक छिद्रं पाडणारा पिन होल बोरर यांनी कितीतरी जुन्या, अनुभवी लोकांच्या बागा मुळासकट काढायला लावल्या. तेल्या हा जिवाणूचा रोग, पावसाच्या थेंबांनी, छाटणीच्या कात्रीनं आणि रोगट रोपांनी पसरतो. बागेतलं एक झाड छाटून झालं की कात्री औषधात बुडवून मगच पुढच्या झाडाला लावायची, इतकं ते चिकट काम. हे व्हिडिओत दहा सेकंदांत उरकतं. रानात तीनशे झाडांपुढं, अकरा वाजताच्या उन्हात, मजूर ते करतो का नाही हे बघत उभं राहावं लागतं.

म्हणून माझा सल्ला : डाळिंब लावण्याआधी त्यानं एक बहार दुसऱ्याच्या बागेत मजुरीनं काढावा. येत्या सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त बहाराची पानगळ सुरू होईल. सांगोल्यात, माळशिरसात, जिथं चांगली बाग असेल तिथं बागायतदाराला सरळ सांगा, रोज द्या, पोरगं पडेल ते काम करेल, पण फवारणीची वही त्याला लिहू द्या. पाहुण्याच्या बागेत मात्र पाठवू नका. तिथं त्याला चहा मिळेल, काम मिळणार नाही, आणि खरा खर्च कुणी सांगणार नाही. पानगळ, छाटणी, पहिलं पाणी, कळी, सेटिंग, फवारण्या, विरळणी, तोडणी, मग क्रेट भरताना व्यापारी डागी फळ कसं बाजूला काढतो, हा सगळा प्रवास मार्च-एप्रिलपर्यंत जातो. सलग सहा महिने राहता येणार नाही, घरचं एकर आहे. पण छाटणी-पानगळीचे पंधरा दिवस, मधल्या फवारण्या आणि तोडणी एवढं तरी व्हावं. या काळात केगावच्या केंद्रात डाळिंबाचं प्रशिक्षण लागलं तर जरूर जावं. आधी बागेत हात घालून मग गेला तर विचारायला प्रश्न असतील. प्रश्न न घेता प्रशिक्षणाला गेलेला माणूस फोल्डर आणि पेन घेऊन परत येतो.

पॉलिहाऊसचं थोडक्यात सांगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो आणि वळवाचं वारं कागद फाडून नेतं. फुलशेतीचं पॉलिहाऊस इथं चालवणं म्हणजे उन्हाळाभर उष्णतेशी मारामारी. करायचंच असेल तर आधी शेडनेट, त्यात ढोबळी मिरची किंवा भाजीची रोपवाटिका. शिकायला तळेगाव दाभाडेचं उद्यानविद्या प्रशिक्षण केंद्र आहे, राज्यभरचे लोक तिथंच जातात. पण हे दोन वर्षांनंतरचं बोलणं.

मग शिकायचं कुठं, हा तुमचा मूळ प्रश्न. जिल्ह्यात दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत, उत्तर सोलापुरातलं खेडचं आणि मोहोळचं. मोहोळचं राहुरी विद्यापीठाचं आहे. दोन्हीकडे तरुणांसाठी छोटी प्रशिक्षणं होतात : शेळीपालन, दूध, प्रक्रिया, रोपवाटिका, असं. वर्षाचा तक्ता ठरलेला असतो, तो जाऊन मागावा लागतो, आपोआप घरी येत नाही. तालुक्याच्या आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयाकडून ग्रामीण युवकांचं सात दिवसांचं कौशल्य प्रशिक्षण होतं. धंद्याची बाजू शिकायची, म्हणजे प्रकल्प अहवाल, बँकेचं बोलणं, बाजाराची पाहणी, तर लीड बँकेची, म्हणजे जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची, आरसेटी ही ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. आपल्या जिल्ह्याची लीड बँक बँक ऑफ इंडिया. तिथं शिकणं, राहणं, जेवण फुकट आणि प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं पाठपुरावा करतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बी.कॉम.वाल्याला अडवणारी अट तिथं नाही. पहिल्या वर्षी यातलं एकच करा. सर्टिफिकेटांचा गठ्ठा जमवणारी पोरं असतात, त्यांच्या रानात गेलं की तण गुडघाभर असतं.

आणि तुमच्या चार एकर काळ्या रानाकडे कुणी बघतच नाहीय, याचं मला आश्चर्य वाटलं. पत्रात एका शब्दात उरकलंत : ‘ज्वारी’. अहो, मंगळवेढ्याची ज्वारी! तिलाही २०१६ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं. अख्ख्या महाराष्ट्रानं पेरलेली मालदांडी ३५-१ ही निवड मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रातली, आणि सोलापुरात कोरडवाहू शेतीवर १९३३ पासून संशोधन होतंय. हस्ताच्या ओलीवर पेरायची, पुढं जमिनीतल्या ओलाव्यावर काढायची, आणि कडबा जनावरांना. तुमच्या सात एकरांत सगळ्यात कमी कर्जाची आणि कमी जोखमीची शेती तीच आहे.

यात तरुणाला काय? विकायची पद्धत बदलायला पुष्कळ जागा. तुम्ही पोती भरून मार्केटला नेता, तिथं मंगळवेढ्याची आणि कुठलीही ज्वारी एकाच ढिगात जाते. मुलगा चाकणला राहिलाय, त्याच्याबरोबर राहिलेली सोलापूर-मराठवाड्याकडची पोरं अजून तिथंच भाड्याच्या खोल्यांत आहेत आणि दुकानातल्या पिठाची भाकरी थापली की तुटते म्हणून वैतागलेली आहेत. तोच त्याचा पहिला बाजार. निवडून, चाळून, पाच-दहा किलोच्या पिशव्यांत भरलेली ज्वारी थेट घरी. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली तर मानांकनाचं चिन्हही पिशवीवर लावता येतं.

दुसरं, हुरडा. फुले मधुर हे खास हुरड्यासाठी काढलेलं वाण आहे, आणि आपल्याकडची गुळभेंडी तर आजीच्या काळापासूनची. दहा-वीस गुंठे हुरड्याला, तेही दहा-दहा दिवसांच्या अंतरानं पेरायचे, म्हणजे कणसं एकदम पक्व होत नाहीत आणि डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा आठवडे माल चालतो. हुरड्याचं खरं अवघडपण इथं आहे : दाणा चिकात भरून कोवळा राहतो ते दिवस मोजकेच, त्यानंतर ती नुसती ज्वारी. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेत सोलापुरात माणूस मावत नाही, पंढरपूर तुमच्या शेजारी. पण रानात पाहुणे बोलवून आगटी लावायची तर स्वच्छतागृह, सावली, पिण्याचं पाणी आणि आईवर पडणारा स्वयंपाकाचा बोजा, एवढ्याचा विचार आधी करा. ‘हुरडा पार्टी’ म्हणून पोरं बोर्ड लावतात आणि पन्नास माणसांच्या भाकरी घरातल्या दोन बायका थापत बसतात. त्यांची मजुरी वहीत धरली नाही तर तो नफा खोटा आहे.

तिसरं, कडक भाकरी. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आता लांबलांब जाते, ती बहुतेक बायकांच्या गटांनी नेली. तुमच्या गावात बचत गट असेल तर त्यांना ज्वारी पुरवण्यापासून सुरू करा, लगेच स्वतःचं यंत्र घेऊ नका. पुढं खरंच प्रक्रियेचं युनिट टाकायची वेळ आली तर सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांचं अनुदान आहे आणि स्वतःचा निदान १० टक्के हिस्सा लागतो. अर्ज करून द्यायला कृषी विभागानं जिल्ह्यात माणसं नेमलेली असतात, त्यासाठी एजंटाला पैसे द्यायचे नसतात. त्या वेळी योजना चालू आहे का, एवढं तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते. मुलाबद्दल पानभर लिहिलंत आणि मुलीबद्दल एक ओळ : शेळ्यांचं सगळं तीच बघते, तिचा काही त्रास नाही. दादा, तुमच्या घरात सध्या एकच माणूस आपल्या जबाबदारीवर पशुपालन चालवतंय, आणि तुम्ही विचारताय मुलाला शेतीधंदा कसा शिकवू! कोणती शेळी कधी व्याली, किती करडं, कोणता बोकड बकरी ईदला ठेवायचा, हे तिच्या वहीत असणार. एकदा मागून बघा. तिला एमएचटी-सीईटी देऊ द्या. चार वर्षांची कृषी पदवी केली तर वर सांगितलेली ४५ दिवसांची योजना तिला उघडी आहे, आणि महिला म्हणून अनुदान ४४ टक्के. पशुवैद्यकीकडं जायचं असेल तर वाट नीटची. राज्यानं २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ केलंय. कॉलेजात चौकशी करा. आणि ‘ती काय, उद्या परक्याच्या घरी जाणार’ हे वाक्य मनात आलं असेल तर तिथंच ठेवा. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित रानात तिचा हक्क भावाइतकाच आहे. मुलाला एकर देताना ही गोष्ट दोघांसमोर बोला, म्हणजे पुढं कोर्टात बोलावी लागणार नाही.

पुण्याला परत पाठवायचं का, हे त्याला विचारा, मला नको. एक वर्ष एकर करून बघितल्यावर तो नको म्हणाला तर त्यात लाज काही नाही. नोकरी करून सुट्टीला ज्वारी विकणारे पुष्कळ आहेत. लग्नासाठी म्हणून मात्र काही करू नका, ना नोकरी, ना पॉलिहाऊस. पाहुण्यांना दाखवायला काढलेल्या कर्जाचे हप्ते नव्या सुनेच्या डोक्यावर येतात. मुली शेतकऱ्याला नको म्हणत नाहीत, अनिश्चिततेला नको म्हणतात, आणि बऱ्याचदा सासूच्या मागं रानात राबण्याला. दोन हंगामांच्या वह्या, त्याच्या नावाचं पासबुक आणि सुनेनं काय करायचं हे आधीच स्पष्ट बोलणं, एवढ्यावर बैठक बसते का बघा.

डाळिंबाचं मन अजून हटत नसेल तर या पंधरवड्यात एक करा. त्या दोन एकरांत मधोमध तीन फुटांचा खड्डा घ्या, एक फुटाची, दोन फुटांची आणि तीन फुटांची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरा, विहिरीच्या पाण्याची बाटली घ्या आणि मोहोळच्या केंद्रात तपासणीला द्या. जोराचा पाऊस झाला की खड्ड्यात पाणी किती दिवस उभं राहतं तेही मुलाला लिहून ठेवायला सांगा. अहवालात चुनखडीचं प्रमाण, सामू (पीएच) आणि पाण्याची क्षारता हे आकडे येतील. ते घेऊन मला पुन्हा लिहा, आणि या वेळी पत्र मुलाला लिहू द्या.